पाचव्या दिवसाचं कार्ड

मी अठरा दिवस रुग्णालयात होतो आणि बरा होऊन घरी आलो. भेटायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगत आलो: न्यूमोनिया झाला होता, ऑक्सिजन लावला, आता ठीक आहे. बाकीचं गिळून टाकलं. माझ्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो असं घरचे म्हणतात, ते खोटं नाही. पण ज्यांच्या घरचं माणूस आज ताप-खोकल्यानं वॉर्डात पडलं असेल, त्यांच्या कामाचं जे काही आहे ते त्या गिळलेल्यातच आहे. म्हणून लिहितोय.

मी लॅब टेक्निशियन. वय त्रेपन्न. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली माणसं जिथं येतात अशा एका लहान रुग्णालयात सव्वीस वर्षं रक्त, लघवी, बेडका तपासतोय. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांचं आडनावही लिहीत नाही, नुसतं डॉक्टर म्हणतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिलेला माणूस आहे तो.

नियम

माझ्या आजाराच्या वर्षभर आधी आमच्याकडे एक बैठक झाली. विषय होता, दाखल झालेल्या खोकला-तापाच्या रुग्णांच्या कोणत्या तपासण्या करायच्या. एकाच वेळी वीस विषाणू शोधणारी मोठी तपासणी बाजारात आली होती आणि एक तरुण डॉक्टर ती सगळ्यांची करू म्हणत होता. मी विरोध केला. वीसपैकी सतरा विषाणू सापडले काय, न सापडले काय, उपचार तोच राहतो, मग ती तपासणी कोणासाठी? हे मी बोललो आणि ते आजही मला बरोबर वाटतं.

मग कागदावर तीन ओळी आल्या. पहिली: ताप-खोकल्याचा रुग्ण दाखल झाला की आधी फ्लूचं रॅपिड कार्ड. नाकातला स्वॅब घ्यायचा, कार्डावर थेंब टाकायचे, पंधरा मिनिटांत निकाल. दुसरी: कार्डावर दोन रेघा आल्या तर फ्लूच्या गोळ्या लगेच सुरू आणि रुग्ण वेगळ्या खोलीत. तिसरी: कार्ड निगेटिव्ह आलं पण रुग्णाला ऑक्सिजन लागतोय, तर दुसरा स्वॅब गुलाबी पाण्याच्या नळीत घालून जिल्ह्याच्या लॅबला पाठवायचा. ती तपासणी बारीक असते. कार्डाला न दिसलेलं तिला दिसतं.

ही तिसरी ओळ मी काढायला लावली.

मी म्हणालो, कार्ड चांगलं आहे, निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, पुन्हा नमुना पाठवणं म्हणजे दुहेरी काम. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. विलास, तुझी खात्री आहे ना, असं विचारलं. आहे म्हणालो. त्यांनी ओळीवर रेघ मारली, मी खाली सही केली. बैठक चहाबरोबर संपली. मी रुग्णालयाचं पुष्कळ वाचवलं असं वाटून त्या दिवशी खूश होतो.

एकच रेघ

मागच्या नोव्हेंबरात मला ताप आला. धानाच्या कापणीचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे वॉर्ड अर्धा रिकामा असतो, कारण आजारी माणूसही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच असतो. मीही तसाच. लॅबमध्ये आम्ही दोघंच, मी आणि वंदनाताई. नऊ वर्षं सोबत काम करणारी बाई. तिला एकटं टाकून घरी कसं बसायचं, म्हणून चार दिवस ताप अंगावर काढला. पाचव्या दिवशी सकाळी जिना चढताना मध्येच बसलो. वंदनाताईनं बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, आकडा पाहिला आणि मला न दाखवताच व्हीलचेअर मागवली.

कार्ड तिनंच केलं. मी बाकावर पडून त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होतो. पंधरा मिनिटं. एकच रेघ. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. करुणा, म्हणजे माझी बायको, धावत आली तर तिला मी पहिलं वाक्य हेच सांगितलं की निगेटिव्ह आहे, घाबरू नको. तिनं तोंडावरचा रुमाल काढून पर्समध्ये टाकला आणि पुढचे तीन दिवस माझ्या उशाशी बसली. नंतर पंधरा दिवस ती खोकत होती. तो खोकला मी दिलेला.

खिडकीजवळची खाट

पुरुष वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर त्याच दिवशी दाखल झालेले सोमजीबाबा. धानोऱ्याच्याही पुढच्या एका जंगलातल्या गावचे, सत्तरीचे, हाडं मोजून घ्यावीत असे. सोबत मुलगी सविता, पस्तिशीची. धान घरात आल्यावर, म्हणजे तापाच्या सहाव्या दिवशी, तिनं बापाला आणलं होतं. त्यांचंही कार्ड केलेलं. त्यांचीही एकच रेघ.

बाबांनी मला ओळखलं. दोन-तीन वर्षांपूर्वी मलेरियासाठी मी त्यांच्या बोटाला सुई टोचली होती. ऑक्सिजनचा मास्क वर उचलून ते मुलीला म्हणाले, "ह्याच साहेबानं मांगं माह्यं रक्त पेल्लं. आता पाह्य, त्याच्याच हाताले सुई लावून ठेवली."

"पाप भरलं असन," सविता म्हणाली आणि हसली. मीही हसलो. हसल्यावर दोघांनाही खोकल्याची उबळ आली आणि सिस्टर ओरडली.

वॉर्डातला दिवस लवकर सुरू होतो. झाडू, फिनाइल, बीपी, नाश्त्याचे पोहे, राउंड, सलाइन, पुन्हा बीपी. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी दिवसभर बुडबुडत असतं. सव्वीस वर्षं मी या वॉर्डात ट्रे घेऊन आलो-गेलो होतो, पण झोपून पाहिला नव्हता. झोपून दिसतं ते वेगळंच. पंख्याच्या पात्यावरचा काळा थर, आणि प्रत्येक येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहणारे रुग्ण. मीही तसाच बघू लागलो.

करुणा डबा आणायला घरी गेली की सविता माझ्याकडे लक्ष द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं. बापाला पाणी पाजलं की माझा स्टीलचा ग्लास भरून हातात द्यायची. माझा हात थरथरला तर खालून तळवा लावून धरायची. करुणानं तिला आंबील दिली, तिनं करुणाला गावची चिंच दिली. दोन दिवसांत त्या दोघी एकमेकींच्या घरच्या सगळ्या गोष्टी जाणत होत्या.

डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे. माझ्या पाठीला स्टेथोस्कोप लावायचे, खांद्यावर हात ठेवायचे. कार्ड निगेटिव्ह आहे, म्हणजे फ्लू नाही, अँटिबायोटिकनं होईल, म्हणायचे. बाबांकडे वळून तेच सांगायचे. माझंच वाक्य होतं ते. निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह.

डब्यातला कागद

तिसऱ्या दिवशी ताप तसाच आणि दम वाढलेला. दुपारी पडल्या पडल्या मला कार्डाच्या डब्यातली घडी आठवली. प्रत्येक डब्यात एक पातळ कागद असतो. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नमुना आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घ्यावा. नंतर नाकातला विषाणू कमी होतो आणि निकाल निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं समजू नये.

मी तो कागद वाचला होता. बैठकीच्या आधीच वाचला होता.

आणि आमच्याकडची माणसं कधी येतात हेही मला पाठ होतं. कापणीत, रोवणीत म्हणजे धानाच्या लावणीत, तेंदूपानाच्या दिवसांत कोणी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येत नाही. भामरागडकडचे तर पावसाळ्यात रस्ता उघडेल तेव्हा येतात. पाचवा दिवस, सहावा, आठवा. ज्या दिवशी कार्ड आंधळं होतं, त्या दिवशी आमचा रुग्ण पायरी चढतो. शहरातल्या माणसाला ते कार्ड पुरतं. इथं ती तिसरी ओळच खरी तपासणी होती.

मग मी ती ओळ का काढायला लावली? पैसे वाचवायला नाही. खरं कारण असं की जिल्ह्याची गाडी चार वाजता निघायची. प्रत्येक नळीला लेबल, तीन पिशव्या, थर्माकोलचा डबा, आइसपॅक, दोन पानी फॉर्म. ते काम माझं होतं, आणि मला पाच वाजता घरी जायचं असायचं. बचत हा शब्द मी त्यावर नंतर पांघरला.

वंदनाताई माझं रक्त घ्यायला आली तेव्हा मी हळूच म्हणालो, माझा स्वॅब गुलाबी नळीत घालून पाठव.

"नियमात नाई बसत, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच तं नियम केला."

"पाठव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खाटेकडे. "अन् बाबाचा?"

मी डोळे मिटून घेतले. दम लागला म्हणून मिटले असं तिला वाटलं असेल. नव्हते.

ती एकच नळी घेऊन गेली.

खोली

दीड दिवसानं रिपोर्ट आला. फ्लू. डॉक्टर स्वतः कागद घेऊन आले. अर्ध्या तासात गोळ्या सुरू झाल्या आणि मला वॉर्डाच्या टोकाच्या वेगळ्या खोलीत हलवलं. खाट ढकलली जात असताना सविता चाकांपुढच्या चपला बाजूला करत होती. ग्लास तिच्याकडेच राहिला.

डॉक्टरांनी विचारलं, हा नमुना कोणी पाठवला? मी म्हणालो, वंदनाताईकडून चुकून गेला असेल. त्यावरून तिला लेखी समज मिळाली. तिनं त्याखाली सही केली. आजही आम्ही एकाच टेबलावर काम करतो आणि ती मला अजून भाऊच म्हणते, फक्त डबा सोबत खात नाही.

त्याच वेळी मला एवढंच बोलायचं होतं: बाजूच्या बाबांचाही स्वॅब पाठवा, किंवा स्वॅबची वाट न बघता गोळ्याच सुरू करा. एक वाक्य. पण ते बोललं की दुसरा प्रश्न येणार होता, तिसऱ्या ओळीचा. मी मनाला समजावलं, डॉक्टर आहेत, माझा रिपोर्ट पाहून त्यांच्याच लक्षात येईल. त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं आणि त्यांनीही डोळे मिटले. ते मला कधी कळणार नाही.

गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. त्याच सकाळी सोमजीबाबांना चंद्रपूरला हलवायचं ठरलं, पण गाडीत चढवण्याआधीच ते गेले.

दुपारी सविता माझ्या खोलीच्या दारात आली. आत यायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. तिनं उंबऱ्यावर माझा ग्लास ठेवला. घासूनपुसून आणला होता.

"भाऊ, तुमाले खोलीत आनलं, गोया देल्या. माह्या बाबाले काऊन नाई आनलं?"

मी म्हणालो, "खोली एकच होती, बाई. बेड नव्हता."

तिनं मान हलवली. "मले वाटलंच. तुमी बरे व्हा," म्हणाली आणि गेली.

दुसरी खोली रिकामी होती. तिच्या दारावरूनच ती गेली असणार.

दगा

बरा होऊन कामावर गेलो, त्यानंतर तीन महिन्यांनी त्या मृत्यूबद्दल बैठक लागली. वरून कोणीतरी विचारणा केली होती. डॉक्टरांनी फाइल उघडली, तो जुना कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. तिसरी ओळ खोडलेली, खाली माझी सही. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी लॅबच्या शब्दावर विसंबलो."

ओळीवर रेघ मारणारं पेन त्यांचं होतं. आपल्याकडची माणसं उशिरा येतात हे त्यांनाही माझ्याइतकंच माहीत होतं. मी खोलीत होतो तेव्हा हा माणूस रोज खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला होता, संत्री सोलून देत होता, आणि या कागदाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. माझी बदली नाही, दंड नाही, नुसती ताकीद मिळाली. पण त्या दिवसापासून आठवडाभर घरी माझ्या तोंडात एकच विषय. मी, ज्याला चिमटा लागतो, तो जेवताना, आंघोळीला जाताना बोलत होतो. वीस वर्षांची ओळख, मुलीचं लग्न, पंगत, आणि शेवटी हे.

करुणा गहू निवडत होती. ऐकून घेतलं, ऐकून घेतलं आणि सुपावरून नजर न काढता म्हणाली, "डॉक्टरनं तुमाले दगा देला. बरं. अन् सविताले कोनं देला?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. वंदनाताई सांगणारी नाही. मी विचारलं, तुला कसं कळलं?

"सविता जाताना मले सांगून गेली, का बेड नव्हता म्हनून. अन् ते रिकामी खोली मी झाडली होती. तुमचं सामान आधी तिथीच ठेवलं होतं मी." सूप खाली ठेवून म्हणाली, "मी वाट पाऊन राह्यली होती, का तुमी कवा बोलता."

चार महिने ती वाट पाहत होती. एका ताटावर समोरासमोर बसून.

मोहफुलांच्या दिवसांत

मार्चच्या शेवटी मी धानोऱ्याची बस धरली. पुढे एका मोटारसायकलवाल्यानं सोडलं. सकाळी आठ-साडेआठची वेळ. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली बाया फुलं वेचत होत्या. सविता टोपली घेऊन बसलेली. मला पाहून ती उठली, पदराला हात पुसले आणि हसली. ते हसणं मला झेपलं नाही. बसायच्या आधीच मी सांगून टाकलं. कार्ड, गुलाबी नळी, माझी एकट्याची नळी, रिकामी खोली. सांगताना एकही शब्द अडला नाही, याचंच नवल वाटलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "टेस्ट केली असती तं बाबा वाचला असता?"

मी म्हणालो, माहीत नाही. वय होतं, उशीर झाला होता. पण गोळ्या मिळाल्या असत्या. मला मिळाल्या तशा.

ती खाली बसली आणि दोन-चार फुलं उचलून टोपलीत टाकली.

"मी साऱ्या गावात सांगतलं, दवाखान्यात बेड नव्हता म्हनून. सरकारले शिव्या देल्या. लॅबवाला भाऊ लय चांगला, त्याले दुःख झालं, असं सांगतलं." आवाज चढला नव्हता. "आता माह्या तोंडचं मी कसी वापस घेऊ? चला. तुमीच सांगा."

ती पुढे, मी मागे. तिच्या काकाच्या अंगणात सात-आठ माणसं जमली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मध्येच काका गोंडीत कोणाला तरी समजावून सांगत होते, तेवढा वेळ मी थांबायचो, आणि ते थांबणं सगळ्यात कठीण होतं. मला वाटलं होतं कोणीतरी अंगावर येईल. कोणी आलं नाही. काकांनी एवढंच विचारलं की याला पाणी दिलं का. काकूनं तांब्या दिला. सवितानं दिला नाही. ती आपली टोपली घेऊन झाडाकडे परत गेली होती.

आता

परत आल्यावर मी डॉक्टरांपुढे तिसरी ओळ पुन्हा लिहिलेला कागद ठेवला, आणि माझा नमुना वंदनाताईकडून चुकून गेला नव्हता, मीच पाठवायला लावला होता, हेही लिहून दिलं. त्यांनी वाचलं, सही केली. आमच्यात तेवढंच बोलणं उरलंय. लॅबच्या फॉर्मवर नावाच्याही आधी आता एक चौकोन आहे: आजाराचा कितवा दिवस? मोठी तपासणी आम्ही आजही करत नाही, ती करायची गरज नाही. पण श्वासाला त्रास असलेल्याचं कार्ड निगेटिव्ह आलं तर दुसरा नमुना जातो, आणि त्याच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर गोळ्या सुरू करतात. गाडी चारला निघते. मी घरी साडेसहाला पोचतो.

तुमचं माणूस दाखल असेल तर पहिल्याच तासाला डॉक्टरांना सांगा की ताप कधी चढला, नेमका वार सांगा. निगेटिव्ह ऐकून माझ्यासारखे डोळे भरून घेऊ नका. ही कोणती तपासणी होती आणि हिला न दिसणारं काही आहे का, असं विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावलं तर रागावू द्या. लॅबमधला माणूस कंटाळलेलाही असू शकतो.

या ऑगस्टमध्ये एक माणूस बायकोला घेऊन आला. धानोऱ्याच्या बसनं, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. रोवणी अर्धी टाकून आलो म्हणाला. मी फॉर्म ओढला आणि विचारलं, कितवा दिवस?

"दुसरा."

आमच्याकडे त्या दिवसांत दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. मी पेन थांबवून पाहिलं. तो म्हणाला, "आमच्या गावची सविता हाय. ते म्हने, रोवना पडू दे, दुसऱ्याच दिवशी जाजो. अन् तिथी लॅबमंधी विलास नावाचा एक मानूस हाय, त्यानं कार्ड नाई म्हटलं तरी उठजो नोको. गुलाबी नळीचं विचारजो." मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. "कोन हाय तो?"

वंदनाताई पलीकडे काचपट्टी पुसत होती. तिचा हात थांबला.

"मीच," मी म्हणालो आणि कार्डाशेजारी गुलाबी नळीही टेबलावर काढून ठेवली.